राजुलच्या ताटातली पेज

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दहावी 'ब'चे भूमितीचे पेपर तपासत होते. फोन ठेवला, हातातला पेपर पुरा केला आणि मग गठ्ठ्यातले उरलेलेही संपवले. एका मुलाला वर्तुळाच्या प्रमेयात अर्धा गुण जास्त गेला होता, तो कमी केला. त्यानंतर स्वयंपाकघरात जाऊन भरतेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं की माझे वडील गेले, जयसिंगपूरला निघायला हवं, आणि राजुलची पेज डब्यात घ्यायची का थर्मासमध्ये?

जयसिंगपूरच्या घरी माझी धाकटी बहीण पल्लवी भिंतीला डोकं टेकवून हुंदके देत होती. मी आलेल्यांच्या चहाचं बघितलं, कोण कुठे झोपणार ते ठरवलं, गुरुजींना फोन केला. बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. "केवढी समता आहे बघा पोरीची," एकीने दुसरीला सांगितलं, मला ऐकू जाईल अशा बेताने. राग-द्वेष, मोह-माया जिंकायला साधूंनाही जन्म अपुरे पडतात, हे मी पाठशाळेत असल्यापासून ऐकत आले आहे. माझे कधी आणि कसे गेले, मला कळलंही नव्हतं.

अप्पांनी मला सायकल शिकवली होती, गणित शिकवलं होतं, माझ्या पहिल्या पगाराची साडी त्यांनी आईसाठी मला बरोबर नेऊन निवडायला लावली होती. हे सगळं मला आठवत होतं. माझं त्यांच्यावर प्रेम होतं हेही मला माहीत होतं, नागपूर उपराजधानी आहे हे माहीत असतं तसं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघताना माझ्या मनात एवढंच आलं की दाढी वाढली आहे, कोणीतरी करून घ्यायला हवी होती.

हे असं कसं झालं ते सांगायचं तर राजुलच्या पेजेपासून सुरुवात करायला हवी.

राजुल आमची मुलगी. तिला ऑटिझम आहे, हे ती बोलायच्या वयाची झाली आणि बोलली नाही तेव्हा कळलं. ते आम्ही पचवलं. न पचणारी गोष्ट वेगळीच होती. राजुल कायम घाबरलेली असे. कुकरची शिट्टी, ओला टॉवेल, शेजारच्यांची बेल, कधी कधी तर काहीच नाही, आणि ती थरथरायला लागायची, स्वतःच्या मनगटाला चावायची. मी तिला घट्ट धरून बसत असे आणि माझ्या हातांवर तिच्या दातांचे ठसे उमटत. खाणं म्हणजे पांढरा भात, केळं आणि पोह्याचा पापड, संपलं. तेही तिच्या ताटातला पहिला घास माझ्या तोंडात गेला तर. मी गिळला हे ती मान वाकडी करून, माझ्या गळ्याकडे टक लावून तपासून बघे. एकदा मी नुसतं तोंड हलवलं, तर ताट भिंतीवर गेलं. बापाने, आजीने, कोणीही घास खाल्ला तरी चालत नसे. तिच्या लेखी मी विष तपासणारी दासी होते, असं मी तिच्यासमोरच म्हणत असे.

मिरजेच्या डॉक्टर नाझनीन मुजावर यांच्याकडे आम्ही गेलो तेव्हा 'शमन आहार' नुकताच प्रयोगशाळेतून दवाखान्यात आला होता. मुजावरमॅडम बुटक्या, झपाझप बोलणाऱ्या, आणि पेशंटला वेड्यात न काढणाऱ्या.

"आधी एक गोष्ट स्पष्ट करते," त्या म्हणाल्या. "ऑटिझम घालवायचं औषध माझ्याकडे नाही, आणि असतं तरी मी दिलं नसतं. तो तिचा स्वभाव आहे. पण हिच्या डोक्यात एक भोंगा आहे. कारखान्याचा असतो तसला. तो चोवीस तास वाजतोय. त्या आवाजात ती काय शिकणार आणि काय बोलणार? आपण भोंगा बंद करायचा. बाकी राजुल आहे तशीच राहील."

मग त्यांनी कागदावर एक आतडं आणि एक मेंदू काढला. चित्रकला बेताचीच होती. आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात, आपण जेवतो त्यातलं ते जेवतात आणि भाड्यापोटी काही रसायनं सोडतात. आतड्यापासून मेंदूपर्यंत एक लांब नस जाते. त्या नसेवाटे ही रसायनं मेंदूला सारखं काही ना काही सांगत असतात. भूक लागली, पोट भरलं, धोका आहे, धोका नाही. राजुलच्या पोटातली वस्ती 'धोका आहे' एवढंच ओरडत होती. शास्त्रज्ञांनी आता एक नवा जिवाणू घडवला होता, जो 'धोका नाही' असं सांगणारं रसायन बनवतो. त्याचं लांबलचक नाव होतं, सगळे त्याला शमिका म्हणत. नवख्या जिवाणूला पोटात जागा मिळत नाही, जुने रहिवासी त्याला टिकू देत नाहीत. म्हणून त्याच्यासाठी वेगळं अन्न शोधलं होतं. एका खास पिठाची पेज, जी शमिकाशिवाय कुणालाच पचत नाही. मूल दुसरं काही खात नाही, जुन्यांची उपासमार होते, शमिका बाळसं धरते.

"म्हणजे पेज शिजवायची, कोमट झाली की त्यात हे विरजण घालायचं, आणि द्यायची," मॅडम म्हणाल्या. "दोन वर्षं फक्त हेच. आणि फक्त तिनेच खायचं. उरलं तर टाकून द्या."

आमच्या आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते विरजण बघून कपाळावर हात मारला. "पोरीच्या पोटात जित्ते जीव घालायचे व्हय गं? आन् उरलं की गटारात वतायचे?"

"दह्यातही असतात की आत्ती," मी म्हटलं.

"दह्याचं दह्यापाशी," त्या म्हणाल्या आणि माळ घेऊन बसल्या.

पण त्यांचा दुसरा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. आमच्या माहेरी ताटात शीत टाकत नाहीत. जेवण झालं की ताटात पाणी घालून, बोटाने फिरवून, ते पाणी पिऊन टाकतात. उष्टं तसंच पडलं तर त्यात सूक्ष्म जीव उपजतात आणि मरतात, ते पाप आपल्या माथी. अप्पा तर हॉटेलातही ताट धुऊन पीत आणि वेटर बघत राहत. मी काही फार धार्मिक बाई नाही, दिवस मावळल्यावर पाणीपुरी खाल्लेली आहे. पण ताट धुऊन प्यायची सवय धर्माची कमी आणि हाताची जास्त आहे. राजुलचं ताट समोर आलं की हात आपोआप तांब्याकडे जाई. त्या पेजेत तर जीव आधीच होते, मुद्दाम घातलेले. ते गटारात कसे ओतायचे?

म्हणून पहिला घास माझा, मधली पेज राजुलची, आणि ताटाला लागलेली पुन्हा माझी, धुऊन. मुजावरमॅडमना मी हे सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. आई मुलाच्या ताटातलं संपवते, यात सांगण्यासारखं काय असतं?

शमिकेने राजुलच्या बाबतीत दिलेला शब्द पाळला.

आधी तिचे दात माझ्या हातावरून गेले. मग ती कुकरजवळ उभी राहून शिट्टीची वाट बघायला लागली. तिच्या पोटाला त्या नसेतली खळबळ मोजणारा एक मऊ पट्टा बांधलेला असे, त्याची रेघ भरतेशच्या मोबाइलवर उमटे. पूर्वी करवतीच्या दातांसारखी असलेली ती रेघ हळूहळू टेकड्यांसारखी झाली. दिवाळीच्या आसपास एके सकाळी मी तिची वेणी घालत होते, आणि ती आरशातल्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आई."

मी कंगवा टाकून दिला आणि ओक्साबोक्शी रडले. आत्ती धावत आल्या, त्याही रडल्या. भरतेश बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर आहे, त्याने तिथून बेदाण्याची अख्खी पेटी आणून गल्लीत वाटली. तो दिवस मला नीट आठवतो, कारण तेवढं रडणं मला नंतर कधी जमलं नाही.

राजुल पहिलं वाक्य बोलली, "पप्पा, पंखा बंद कर," तेव्हा मी हसले. शाळेत पाठ केलेली कविता तिने न अडखळता म्हणून दाखवली तेव्हा मी म्हटलं, "छान." आणि एका संध्याकाळी ती आपण होऊन माझ्या मांडीवर येऊन बसली, आयुष्यात पहिल्यांदा. माझा पाय अवघडला होता, एवढंच मला जाणवलं. मी तिला उठवून पलीकडे बसवलं.

दरम्यान जगाचं माझ्याबद्दलचं मत सुधारत चाललं होतं. शाळेत मी तापट म्हणून प्रसिद्ध. मी फेकलेला खडू ज्याला मारायचा त्यालाच नेमका लागत असे. आता मुलं कितीही दंगा करोत, मी त्याच आवाजात शिकवत राही. हेडमास्तरांनी मला पर्यवेक्षक केलं. आत्तींशी माझी मिठाच्या बरणीवरूनसुद्धा वादावादी व्हायची, ती बंद झाली. त्या शेजारणींना सांगायच्या, "पोरीचं दुखणं काढून काढून सून सोन्यासारखी झाली." नवऱ्याशी भांडण नाही, बहिणीशी कुरबूर नाही, अप्पांच्या जाण्याने हललेली नाही. असं सर्टिफिकेट सगळीकडून मिळत असताना बाईने डॉक्टरकडे कशाला जायचं?

भरतेश तेवढा खूश नव्हता. "भांड की जरा," असं तो एकदा म्हणाला होता. मी विचारलं, "कशावरून?" त्याने विषय सोडून दिला.

फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही तिघं कृष्णेच्या घाटावर गेलो होतो. राजुलला पाणी आवडतं. भरतेश भेळ आणायला वर गेला, मी पायरीवर बसले. राजुल खालच्या पायरीवर, मग त्याच्या खालच्या, मग पाण्यातल्या हिरव्या शेवाळलेल्या पायरीवर. मी बघत होते. शेवाळावर घर्षण कमी असतं, तिचा पाय सरकण्याची शक्यता बरीच आहे, पलीकडे पाणी खोल आहे, तिला पोहता येत नाही. हे सगळं मी क्रमाने मांडलं, फळ्यावर पक्ष आणि साध्य मांडावं तसं. उठायला हवं, या निष्कर्षापर्यंतही मी आले. पण उठावंसं काही वाटत नव्हतं.

राजुलचा पाय सरकला. ती ओरडली नाही, तिचाही भोंगा बंदच होता. पाण्यात तिचा फ्रॉक फुगून वर आला. भेळेचे पुडे उडवत भरतेश माझ्या अंगावरून पाण्यात गेला.

तो तिला घेऊन वर आला तेव्हा थडथडत होता. राजुल खोकली, थुंकली आणि म्हणाली, "थंड." भरतेश माझ्याकडे बघत राहिला. मी अजून पायरीवर बसलेलीच होते.

"तू बघत होतीस," तो म्हणाला.

"हो."

"पद्मा, तू नुसती बघत होतीस."

"मी उठणार होते," मी म्हटलं. ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी तो मला मुजावरमॅडमकडे घेऊन गेला. त्यांनी सगळं ऐकलं, राजुलचा पट्टा मागून घेतला आणि माझ्या पोटाला बांधला. पडद्यावर रेघ आली. गप्पा मारता मारता त्या माझ्या मागे गेल्या आणि एक स्टीलचा ट्रे जोरात फरशीवर आपटला. भरतेश खुर्चीतून उडाला, बाहेरची नर्स आत आली. पडद्यावरची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ गेली.

"तुम्ही तिची पेज खाताय," मॅडम म्हणाल्या.

मी ताट धुऊन पिण्याबद्दल सांगितलं. त्यांनी कपाळ धरलं. "माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "आम्ही 'टाकून द्या' असं सांगून मोकळे झालो. कोण टाकतं का हे विचारलंच नाही."

मग त्यांनी मला समजावलं, यावेळी चित्र न काढता. राजुलच्या डोक्यातला भोंगा मुळात फार मोठा, शमिकेने तो दाबला तेव्हा साध्या माणसाएवढा आवाज उरला. माझा भोंगा साधाच. तो दाबल्यावर काहीच उरलं नाही. आणि भीती एकटी जात नाही. तीच नस आनंदाची, दुःखाची, मायेची बातमी वाहते. शमिका बातमी निवडत नाही, अख्खी टपालपेटीच बंद करते. शिवाय राजुलच्या पोटात ती फक्त पेजेवर जगत होती, पण मी वरून भात, भाकरी, आमटी खात होते. माझ्या पोटातल्या शमिकेने पिढ्यान्‌पिढ्यांत भात खायला शिकून घेतलं होतं. आता मी पेज सोडली तरी ती जाणार नव्हती.

"औषधाने जाईल," मॅडम म्हणाल्या. "पण पावसाळ्यापर्यंतच. त्यानंतर ती तिथलीच होईल, मग काही करता येणार नाही. आणि एकदा काढली की पुन्हा त्या ताटातला एक घाससुद्धा चालणार नाही. ते पीठच तिचं खाणं आहे. एखादा जिवाणू जरी मागे राहिला असेल तरी तो पुन्हा माजेल. कायमचं वेगळं ताट."

"राजुल मी खाल्ल्याशिवाय खात नाही," मी म्हटलं. "आणि तिची दोन वर्षं व्हायला अजून बराच अवकाश आहे. मध्येच खाणं तुटलं तर?"

मॅडमनी भरतेशकडे बघितलं. "तिची वस्ती अजून कच्ची आहे. पेज तुटली तर भोंगा परत वाजेल. बोलणंही जाऊ शकतं."

"मग प्रश्न सुटला," मी म्हटलं. "औषध नको."

घरी जाताना गाडी आपली आपण चालत होती, भरतेशचे हात रिकामे होते आणि ते त्याला कुठे ठेवावेत कळत नव्हतं. घरात शिरल्यावर मात्र त्याचा बांध फुटला.

"असं कसं औषध नको? तू काय ठरवतेस?"

"साधा हिशेब आहे. औषध घेतलं तर तिचं जाईल. नाही घेतलं तर माझं जातं, जे आधीच गेलंय. त्याची मला काही उणीव भासत नाही."

"तेच तर! तुला भासत नाही, कारण ठरवणारी तू नाहीसच. ते तुझ्या पोटातले ठरवतायत."

मुद्दा बरोबर होता. मी त्यावर विचार केला आणि मला त्यात चूक सापडली नाही. पण उत्तर तेच येत होतं.

"आणि घाटावर? परत असं झालं तर?"

"मी नियम करीन. पाणी, रस्ता, आग दिसली की तिचा हात धरायचा."

"भीतीचं काम नियमाने होत नाही गं!" तो ओरडला आणि मग भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. नवरा रडत असताना बायकोने जवळ जायचं असतं, हे मला माहीत होतं. मी जवळ गेले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो काढला. "असला नको," तो म्हणाला.

लोक याला त्याग म्हणाले असते, म्हणून सांगून ठेवते. त्याग करायला काहीतरी जड जावं लागतं. मला ते मुळीच जड गेलं नाही.

हे सगळं बोलणं राजुल दारात उभी राहून ऐकत होती. ती ऐकत असते आणि ऐकलेलं विसरत नाही, हे आम्ही नेहमी विसरतो. भरतेश बाहेर गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्या डोळ्यांत न बघता, कानाच्या आसपास कुठेतरी बघत तिने विचारलं, "आई, तुझा भोंगा बंद?"

"हो."

"माझ्या पेजेने?"

कुठलीही आई इथे 'नाही गं बाळा' म्हणाली असती. त्यासाठी पोटात काहीतरी तुटावं लागतं. माझ्या पोटात शमिका होती.

"हो," मी म्हटलं. "तुझ्या ताटातली खाल्ली म्हणून."

तिने मान हलवली आणि ती खेळायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं ताट मांडलं, पेज पसरली, विरजण घातलं, ढवळलं आणि पहिल्या घासासाठी हात पुढे केला. राजुलने ताट दोन्ही हातांनी ओढून घेतलं.

"तू नको."

"मी नाही खाल्लं तर तू खाशील?"

तिने ताटाकडे बघितलं, माझ्या गळ्याकडे बघितलं. तिला ते जमणार नव्हतं, दिसतच होतं. "तू नको," ती पुन्हा म्हणाली. ती ताट मांडीवर घेऊन बसून राहिली, पेज गार होऊन तिच्यावर साय धरेपर्यंत. खाल्लं मात्र नाही. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. मी हात पुढे केला की ताट मागे जाई.

तिसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि तिने कान झाकले. भरतेशच्या मोबाइलवरच्या टेकड्यांना पुन्हा दात फुटायला लागले होते. रात्री तिने बोलणं कमी केलं, नुसतं बोट दाखवायला लागली. आत्ती तिच्यासमोर हात जोडून बसल्या, "खा की गं माझे बाय." भरतेशने मुजावरमॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, अजून एक दिवस बघा, नाहीतर नळी घालावी लागेल.

मी तिच्याकडे बघत होते. सात वर्षांची पोर, मनगटं पुन्हा दातांनी लाल झालेली, आणि मांडीवर भरलेलं ताट. ती हे माझ्यासाठी करते आहे, हे मला समजत होतं. समजण्यापुढे काही होत नव्हतं. घरातली सगळी माणसं रडत होती आणि जिच्यासाठी चाललं होतं तिला फक्त पेज पुन्हा गरम करायची की नवी लावायची, असा प्रश्न पडला होता.

चौथ्या दिवशी सकाळी ती ताट घेऊन बाथरूममध्ये गेली आणि तिने आतून कडी लावली. आम्ही दाराबाहेर उभे राहिलो. आतून बराच वेळ काही आवाज नव्हता. मग ओकारीचा आवाज आला, मग नळाचा. भरतेश दार तोडायला निघाला होता, आत्तींनी त्याला धरलं. पुन्हा शांतता. मग चमचा ताटावर घासल्याचा आवाज आला, आणि पुन्हा, आणि पुन्हा.

ती बाहेर आली तेव्हा फ्रॉकभर पेज होती. ताट नळाखाली स्वच्छ धुतलेलं होतं, मला काही उरू नये म्हणून. "मी विष तपासलं," ती म्हणाली. "मीच."

हिशेबातली एक बाजू बदलली होती, त्यामुळे उत्तरही बदललं. मी मॅडमना फोन करून सांगितलं, औषध घेते.

मिरजेच्या दवाखान्यात मला एका खोलीत एकटीला ठेवलं. आधी औषधाने पोट धुऊन काढलं, बऱ्या-वाईट सगळ्या रहिवाशांसकट. मग रिकाम्या जागेत नवी वस्ती बसवायची, तर ती जवळच्या माणसाच्या पोटातली असली तर बरी टिकते. जुळली ती पल्लवीची. म्हणजे भिंतीला डोकं टेकवून रडणारी माझी बहीण. "ताई, माझं सगळंच घेतेस का गं," ती काचेपलीकडून म्हणाली आणि लगेच डोळे पुसायला लागली. भरतेश म्हणाला, "आता घरात दोन-दोन पल्लव्या." तो हसत होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि तो हसायचा थांबला.

घरी आले तरी काही वेगळं वाटलं नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, वेळ लागेल, कदाचित सगळं येणारही नाही. मी शाळेत जात होते, पेपर तपासत होते. माझं ताट ओट्याच्या एका बाजूला, राजुलचं दुसऱ्या बाजूला. मधे भरतेशने खडूने रेघ मारून ठेवली होती, आणि ती पुसट झाली की राजुल स्वतः परत ओढायची. जेवताना ती मला हाक मारून समोर बसवत असे. खायचं नाही, फक्त बसायचं. ती एक चमचा खाई, माझ्याकडे बघून घेई, पुढचा चमचा घेई. तिचं बोलणं परत आलं, थोडे शब्द वाटेत गळाले. भरतेश रोज रात्री माझा चेहरा न्याहाळायचा आणि दिवा घालवायचा.

जूनच्या सुरुवातीला शाळेत प्रवेशाची गर्दी होती, मला यायला उशीर झाला. घरात शिरले तर राजुल खिडकीशी बसून चित्र रंगवत होती. ओट्यावर तिचं ताट रिकामं, धुऊन उपडं घातलेलं.

"जेवलीस?"

"जेवले," ती मान वर न करता म्हणाली.

"मला हाक नाही मारलीस?"

"तू नव्हतीस."

बरोबर होतं. मी नव्हतेच. मी पर्स खुंटीला लावली, हातपाय धुतले, आणि पाणी प्यायला पेला उचलला तर ते पाणी गळ्याखाली उतरेना. काहीतरी मध्ये अडकलं होतं. मला वाटलं औषधाचा काही त्रास असावा. मी पेला ठेवला आणि मागच्या गच्चीवर गेले. तिथे भरतेश कपडे वाळत घालत होता.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"ती जेवली."

"मग?"

"मला न बोलावता."

"चांगलंच झालं की. त्यासाठीच तर चाललंय सगळं."

"हो," मी म्हटलं. "चांगलंच झालं. पण माझ्यासाठी थोडं थांबली असती तर काय बिघडलं असतं? इतकी वर्षं माझ्यावाचून घास उतरत नव्हता आणि आता एवढ्यात..." माझा आवाज मला ओळखू येईना. "भरतेश, मला वाईट वाटतंय."

त्याच्या हातातला ओला शर्ट खाली पडला. "परत म्हण."

"वाईट वाटतंय. खूप क्षुल्लक आहे, मला कळतंय..."

"नक्की? नक्की वाईटच ना?"

"नक्की," मी म्हटलं आणि माझे डोळे वाहायला लागले. तो माझे दोन्ही खांदे धरून, निकाल लागल्यासारखा घराकडे तोंड करून ओरडला, "राजुल! अगं, आईला वाईट वाटलं!"

राजुल रंगीत पेन्सिल हातात घेऊनच आली. तिने माझा चेहरा अगदी जवळून पाहिला, ओल्या गालाला बोट लावलं आणि ते बोट चाखून बघितलं.

"मी एकटी जेवले म्हणून?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

राजुलने थोडा विचार केला. "बरं," ती म्हणाली. "मग उद्या पण तुला न सांगता जेवते."